इत्यादी

दहा मिनिटं माझी, दहा नार्वेकरांची,
असं आम्ही दुपारी अडीचपासून लिहितोय.
आमदार सिप्रियान तेलेस उभे आहेत.
बसले की बोलणं संपलं,
बोलणं संपलं की मतदान,
आणि मतदानाला काय, सत्तावीस हात आहेत तिकडे.

रात्री बाराला वटहुकूम मरतो.
तोवर विधेयक क्रमांक सतरा मंजूर झालं नाही
तर पुन्हा पहिल्यापासून: सूचना, छपाई, वाचन.

आधी त्यांनी नियमावली वाचली, परिशिष्टासकट.
मग कलम दोनमधल्या एका स्वल्पविरामावर तासभर.
विषयाला धरून बोला, सभापती चारदा म्हणाले.
चारही वेळा उत्तर एकच:
"साहेब, तिथंच चाललोय, वाट चिखलाची आहे."

मग खिशातून वही निघाली,
पाठीला डिंक लावलेली,
आणि नकाशावर ज्या जमिनींचा रंग बदलणार होता
त्यांची नावं ते वाचू लागले.
पोरणें कांटोर. दोगां भावांची मेर.
खारें मळें. आवय-पुताचें शेत.
कुणाचा बांध, कुठली मानस, कोरगुट किती खंडी.

माझी पेन्सिल अडखळली.
'शासन' एका रेघेत होतं. 'विकास' अर्ध्या.
'लोकहितास्तव'ला तर ठिपका पुरतो.
पण आवय-पुताचें शेत,
याला लघुलिपीत खूण नाही.
अख्खं लिहावं लागतं, अनुस्वारासकट.

साडेनऊला त्यांनी बुटाच्या नाड्या सैल केल्या,
उभ्यानंच, बाकाला टेकून.
खाली मांडवीत कॅसिनोंचे दिवे लागून किती वेळ झाला होता.
बापाबद्दल बोलले. चोडणला मानशीवर होता.
"भरती आली की दार आपसूक मिटतं.
ते पाण्याशी भांडत नाही, सभापती महोदय.
पाणीच त्याला ढकलतं,
आणि ढकलतं म्हणून ते बंद राहतं.
ओहोटीपर्यंत. तेवढंच त्याचं काम."
समोर कुणीतरी जांभई दिली.
जांभई वृत्तांतात येत नाही.

अकरा अठ्ठेचाळीस. गणसंख्येचा मुद्दा.
घंटा वाजू लागली.
सत्तावीस हातांतले बरेचसे बेतीला मासे खायला गेलेले.
दहा लागतात. मोजले तर नऊ,
सभापती धरून.

माझी पाळी नव्हती, मी बाहेर चहाजवळ होते.
तिथं मोरजे उभे होते, हरिश्चंद्र मोरजे,
सत्ताधारी बाकांवरचे, दारापासून सहा पावलांवर.
घंटा त्यांना ऐकू येत होती. मला येत होती ना.
त्यांनी कप खाली ठेवला.
पुन्हा उचलला.
रिकामा कप, तरी फुंकर घातली त्यावर.
मग मला विचारलं, वेळीपबाई, तुमचं गाव कुठलं?
मी सांगितलं.
हो का, म्हणाले. तिकडं अजून लावतात ना भात?
सांगता सांगता घंटा थांबली.

'गणसंख्येअभावी सभागृह तहकूब.'
नार्वेकरांनी लिहिलं ते एवढंच.

जिंकलो वगैरे कुणी म्हणालं नाही.
तेलेस बराच वेळ बसून राहिले,
चालता येईना म्हणून.
पुढच्या अधिवेशनात तेच येईल, क्रमांक तीन होऊन,
हे शिपायालाही ठाऊक होतं.

सोमवारी अवर सचिवांकडून मसुदा परत आला.
पान एकशे बारा ते एकशे एकूणचाळीस, तांबडी काट.
पहिली दोन नावं ठेवलेली,
पुढं त्यांच्या सुबक अक्षरात: इत्यादी.

मी तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला.
मग नियम शोधला. मग तो टंकलिखित करून घेतला,
तीन प्रतींत, आवक-जावक क्रमांक घालून:

महोदय, हरकतीचा मुद्दा आहे.
'इत्यादी' हा शब्द
सन्माननीय सदस्यांनी उच्चारलेला नाही.